संशोधन : निरंक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. मायला — आम्ही आईला मायच म्हणतो — तिला तर सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, पण आता ती नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगू लाले. ‘सांगतेय’ असं लिहायला हवं, मालूम आहे मला. पण राहू द्या. ह्या ‘सांगू लाले’वरूनच तर सगळं झालं.

कुठून सुरू करू? नोकरीपासून करते. तो भाग सोपा आहे.

हैदराबादच्या एका विद्यापीठात मी बावीस वर्षं वार्षिक अहवाल काढला. कुठल्या, ते विचारू नका, ह्या शहरात विद्यापीठं काय थोडी आहेत. सकाळी काचीगुड्याहून बस पकडायची, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचं, आणि वर्षभरात विद्यापीठाने काय काय केलं ते एका जाड पुस्तकात कोंबायचं. तीन भाग असायचे — अध्यापन, संशोधन आणि परिसरातलं जीवन. अध्यापनात कुठला नवा कोर्स निघाला, संशोधनात कोण कुठे जाऊन पेपर वाचून आलं, आणि परिसरात योग झाला, वक्तृत्व झालं, हॉस्टेलच्या मेसला नवीन पंखे लागले. झाडं तर दरवर्षी लावली जायची. मला दाट शंका होती की खड्डेही तेच आणि फोटोही तेच. पण मी लिहायची — ‘उल्लेखनीय प्रगती’. अहवाल इंग्रजीत, पण अर्थ हाच. बावीस वर्षं दुसऱ्यांची प्रगती टाइप केली हो मी. माझी स्वतःची काय झाली म्हणाल, तर कंबर गेली.

आणि ते पुस्तक कुणीही वाचत नाही. खरंच सांगते. छापून आलं की प्रत्येक विभागाच्या कपाटात एक प्रत जाते आणि कपाट बंद होतं. मुखपृष्ठावर कुणाचा फोटो आला, एवढ्यावरून चार दिवस रुसवेफुगवे, बास. हे लक्षात ठेवा. मी पुढे जे केलं ते ह्याच भरवशावर केलं.

अहवालासाठी एप्रिल-मेमध्ये सगळ्या विभागांना छापील तक्ते जायचे. नियम एकच होता, कुठलाही रकाना रिकामा सोडायचा नाही. काही केलं नसेल तर तसं लिहा. आमच्याकडे सगळे ‘निल’ लिहायचे. माझे वडील जुन्या जमान्यातले कारकून, ते ‘सिफर’ म्हणायचे. ‘निरंक’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो मंजिरीच्या कागदावर.

मंजिरी कोण, ते सांगते. ती मूळची पुण्याची. नवरा इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत, म्हणून ती आली आणि आमच्याकडे मराठीची शिक्षिका म्हणून लागली, कंत्राटावर. मराठी म्हणजे काय होतं आमच्याकडे? भाषा विभागाच्या टोकाला एक खोली, एक कपाट, एक मंजिरी. विद्यार्थी कधी पाच, कधी सात. भाषावाल्यांना आपापल्या भाषेत माहिती द्यायची मुभा होती. तेलुगु वाचणारे ऑफिसात बक्कळ, उर्दू वाचणारेही दोघे-तिघे. मराठी वाचणारी मी एकटी. तेही कसं, तर शाळा सगळी तेलुगु, मराठी अक्षरं मायने घरी चुलीपुढे बसवून शिकवलेली. तेव्हा मंजिरीचे कागद माझ्याकडे यायचे आणि मी त्यांचं इंग्रजी करायची.

तर पहिल्या वर्षी ‘पारितोषिके’ ह्या रकान्यात तिने लिहिलं होतं — निरंक. मी तिला फोन करून विचारलं, बाई हे काय? ती हसली, पण चांगली हसली. म्हणाली, अहो सुलभाताई, निरंक म्हणजे काही नाही, अंकच नाही असा. तिकडे महाराष्ट्रात सगळ्या सरकारी कागदांवर असतो. मला फार आवडला शब्द. घरी येऊन मायला सांगितला. माय म्हणाली, ‘निरंकारावानी वाटू लालाय की गे. देवाचं नाव हाय जसं.’

म्हणजे हा शब्द मला तिनेच दिला. पुढे मी तो कशाला वापरला —

थांबा. क्रमाने सांगू द्या, नाही तर मी मधलं काही गाळेन. गाळायची सवय आहे मला.

मंजिरीला माझी बोली ऐकून नवल वाटायचं. मी ‘करू लाले’, ‘हौ’, ‘उगं’, ‘फिकीर नको’ असं एका दमात बोलायची, आणि ती मध्येच पेन काढायची. एकदा म्हणाली, तुमच्या घरी असं बोलणारं कुणी मोठं माणूस आहे का? मी म्हटलं, आहे की, माझी माय. तुम्ही या, ती तुम्हाला कान दुखेपर्यंत ऐकवील. मीच नेलं तिला. कुणी जबरदस्ती केली नव्हती मला, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं मूळ गाव बिदरकडचं. आजोबा शेती भावाच्या स्वाधीन करून निजामाच्या काळात इकडे आले, तेव्हापासून आम्ही काचीगुड्याला स्टेशनच्या मागे. लग्न झाल्यावरही मी इथेच राहिले, मायजवळ. माय आयुष्यभर शेजारणींशी दखनी आणि तेलुगु बोलली, आणि घरात हे आमचं मराठी. तिच्या मराठीला आजपर्यंत कुणी काही विचारलेलं नव्हतं. आणि आता ही पुण्याची शिकलेली बाई दर शनिवारी दुपारी यायची, खाली चटईवर बसायची, मोबाइल मध्ये ठेवायची आणि म्हणायची, ‘आजी, मागच्या वेळी तुम्ही माळवदाचं सांगत होतात.’ झालं, माय सुरू. माळवद म्हणजे घरावरचं मातीचं सपाट छत, त्यावर काय वाळवायचं, कोण कुठे झोपायचं, पावसाळ्याआधी ते कसं चोपायचं. मंजिरी एकेक शब्द कार्डावर उतरवायची. कोश करायचा होता तिला, हैदराबादच्या मराठीचा. ह्यात कुणी हात घातलेला नाही म्हणाली. माय शनिवारी सकाळीच न्हाऊन, धुवट लुगडं नेसून बसायची. मंजिरीसाठी बिनसाखरेचा चहा ठेवायची आणि तिच्या नकळत साखर घालायची.

मी बहुतेक शनिवारी ऑफिसात असायची. आम्हाला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, पण अहवालाचे दिवस आले की सुट्टी कसली?

आता ती फेब्रुवारीतली गोष्ट. मराठी विभागाचा कार्यक्रम होता. पुण्याहून दोन-तीन विद्वान बोलावले होते, आणि इथल्या कंपन्यांतली मराठी मंडळी बायकापोरांसह आली होती. मंजिरी आपल्या कामाबद्दल बोलली आणि मग तिने मायचा आवाज लावला. मोठ्या स्पीकरवर, भरल्या सभागृहात. ‘बैस की उलसं. मी च्या करू लाले. परेशान हू नको, बाई.’ — आणि सभागृह हसलं. अहो, अगदी खदखदून. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला ‘च्या करू लाले’ म्हणून दाखवत होती, आणि मंजिरीही, तिथे वर उभी राहून, हसत होती.

मी उठले आणि बाहेर आले. पायऱ्यांवर उभी राहिले. कानशिलं तापली होती. माझ्या मायला इतक्या माणसांपुढे हसले, आणि ज्या बाईला तिने साखर घालून चहा पाजला तीही हसली. मला वाटलं, आपण ह्यांना काय दाखवायला आणलं होतं घरात — जनावर?

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की कारण हे. हसले म्हणून. मायचा अपमान झाला म्हणून. ऐकायला बरं वाटतं ना? पण ते टिकत नाही. कारण त्या दिवशी संध्याकाळी मी मायला सगळं सांगितलं, चांगलं तिखटमीठ लावून, आणि माय काय म्हणाली? म्हणाली, ‘हसले का? बरं झालं की! पुन्याचे लोकं माझ्या बोलन्याला हसले, कितीजन होते गे?’ तिला भारी आनंद झाला होता. तिने मला ते दोनदा सांगायला लावलं. जिचा अपमान झाला तीच खूश होती. मग माझा राग कशाचा होता?

तो आधीचा होता. त्या कार्यक्रमाच्या महिनाभर आधीचा.

एका शनिवारी मी दुपारीच घरी आले होते, डोकं दुखत होतं म्हणून. दारातून आत आले तर माय बोलत होती. गावात मुलींची शाळा निघाली तेव्हा ती चार दिवस शाळेत गेली होती. पाचव्या दिवशी तिच्या बापाने पाटी काढून घेतली आणि धाकट्या भावाला दिली. मग ती रोज भावासोबत शाळेच्या भिंतीपर्यंत जायची आणि बाहेर उभी राहून ऐकायची. अक्षरं तशी शिकली. भिंतीबाहेरून. मी चपला हातात धरून तिथेच उभी. माझं वय तेव्हा पंचावन्न. मला ज्या बाईने अक्षरं शिकवली, ती स्वतः कशी शिकली, हे मला मालूम नव्हतं. आणि ते ती कुणाला सांगत होती? मोबाइल मध्ये ठेवून बसलेल्या परक्या बाईला.

मंजिरी गेल्यावर मी विचारलं, हे मला कधी सांगितलं नाहीस गं? माय म्हणाली, ‘तू कवा इचारलीस?’

बोलली ती सहज. तिच्या मनात काही नव्हतं. पण मला ते झोंबलं, आणि झोंबलं ते खरं होतं म्हणून. मला मंजिरीचा हेवा वाटला. माझ्याच मायवरून. पंचावन्न वर्षांच्या बाईला हे सांगायची लाज वाटते, म्हणून मी ‘अपमान’ हा शब्द शोधून काढला. सभागृह हसलं ते माझ्या सोयीचं झालं.

मे महिन्यात मंजिरीचे कागद आले. चार पानं, तिच्या त्या सुरेख अक्षरात. ती हातानेच लिहायची, प्रत ठेवायची नाही. म्हणायची, तुमच्याकडे दिलं म्हणजे झालं, ताई. सोबत चकल्यांचा डबा होता. मी अध्यापनाचं इंग्रजी केलं. परिसरातल्या जीवनाचंही केलं, तिने मुलांना घेऊन भित्तिपत्रक काढलं होतं. मग संशोधन. अडीच पानं लिहिलं होतं तिने. किती जणांकडे गेली, किती शब्द जमले, पुढे काय करायचंय. खाली मायचं नाव घालून आभार मानले होते.

ती अडीच पानं मी बाजूला ठेवली. दुपारची वेळ होती, समोर अख्ख्या विद्यापीठाचे गठ्ठे पडले होते, प्रेसवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला होता. आणि मी संशोधनाच्या रकान्यात तीन अक्षरं टाइप केली. एन. आय. एल. निरंक.

झालं. एवढंच केलं मी. हाताला काहीही जड लागलं नाही. वर एक चकली खाल्ली.

तुम्ही म्हणाल, पुढच्या वर्षी दुरुस्त का नाही केलंस? करणार होते. आईशप्पथ करणार होते. पण पुढच्या वर्षीच्या तिच्या कागदांत लिहिलेलं होतं, ‘गतवर्षी नोंदवलेले काम पुढे चालू’. आता हे छापलं तर कुणीतरी विचारणार, गतवर्षी कुठे नोंदवलंय? तेव्हा पुन्हा निरंक. आणि तिसऱ्या वर्षी — तिसऱ्या वर्षी तर मी तिचं संशोधनाचं पाकीट उघडलंही नाही. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकलं आणि रकाना भरला. राग कधीच निवला होता. हेवासुद्धा उरला नव्हता. नुसता कंटाळा होता. राग असता तर निदान काही सांगता तरी आलं असतं.

मंजिरी मात्र तशीच. जिन्यात भेटली की, ‘ताई, आजींचा खोकला कसाय?’ तिच्या विभागाची अहवालाची प्रत भाषा विभागप्रमुखांच्या कपाटात, कुलपात. तिने कधी मागितली नाही. मागायची गरजच काय? मी होते ना.

आणि मग ते पुस्तक कुणीतरी वाचलं. एक समिती बसली, छोटे विभाग चालू ठेवायचे की बंद करायचे हे ठरवायला. त्यांच्यापुढे मागच्या तीन वर्षांचे अहवाल ठेवलेले. अहवालात जे छापलंय तेवढंच काम धरायचं, असा त्यांचा दंडक. मराठी : विद्यार्थी पाच, संशोधन निरंक, निरंक, निरंक.

मंजिरीला बोलावलं. ती बिचारी कार्डांचे दोन खोके उचलून घेऊन आली. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, हे आता दाखवून काय उपयोग, अहवालात नोंद पाहिजे. ती म्हणाली, मी दरवर्षी लेखी दिलंय. तेव्हा मला आत बोलावलं. आमचे साहेब, रेड्डी सर, माझ्याकडे बघून म्हणाले, ‘अम्मा, यांचे संशोधनाचे कागद आले होते का?’

आले होते. तिन्ही वर्षांचे आले होते. त्या क्षणी ते माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये होते, किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आणि पर्स माझ्या खांद्याला होती. मी एक वाक्य बोलले असते तर काय झालं असतं? मला मेमो मिळाला असता. रिटायर व्हायला दोन वर्षं होती, वीस वर्षांत अहवालात एक चूक नाही असं माझं नाव होतं, ते गेलं असतं. बास, एवढंच गेलं असतं.

मी म्हटलं, ‘नॉट रिसीव्ह्ड, सर.’

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, मी खोक्यांकडे बघत होते. बुटांचे खोके होते. मग ती म्हणाली — मराठीत म्हणाली, त्या खोलीत ते माझ्याशिवाय कुणालाच कळलं नसतं — ‘ताई म्हणतात म्हणजे नसतील आले. माझ्याकडूनच राहिलं असेल.’ आणि मग तेच इंग्रजीत सांगितलं.

तिला कळलं होतं का? ह्याचा मी किती विचार केलाय. कळलं असतं तर तिने तसं का म्हणावं? आणि कळलं नसेल तर आधी मराठीत का म्हणाली? मला नाही सांगता येत. विचारायचं धाडसही झालं नाही.

मराठी बंद झालं. जी पोरं होती त्यांना शेवटचं वर्ष पुरं करू दिलं. मंजिरीचं कंत्राट पुढे वाढलं नाही. विद्यापीठातर्फे कोश निघायचा होता तोही राहिला, आणि सहा महिन्यांत ती पुण्याला निघून गेली. निरोपाच्या चहाला मी दोन शब्द बोलले, ऐकताय ना? मीच बोलले. म्हटलं, मंजिरीताईंनी इथल्या मराठीसाठी खूप केलं. तिने जाताना एक खोका माझ्या हातात दिला. ‘ह्यात सगळे आजींचेच शब्द आहेत. ते तुमच्याकडेच असायला हवेत.’ मी तो घरी नेला आणि दिवाणाखाली सरकवला.

मायने विचारलं, ती पोरगी का येईना गे? मी म्हटलं, तिच्या सासरी अडचण आहे, गेली. हे दुसरं खोटं. मायने दोरीवरचं लुगडं काढून घडी घातली. मग म्हणाली, ‘अजून बक्कळ सांगायचं होतं. आता मला कोन इचारनार?’ मी म्हटलं, मी विचारीन की. हौ म्हणाली ती. पुढचे किती तरी शनिवार ती न्हाऊन, धुवट लुगडं नेसून बसायची. मी एकदाही विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू, करता करता दीड वर्ष गेलं आणि माय गेली. दुपारी चार वाजता गेली, मी ऑफिसात होते, परिसरातल्या जीवनाची प्रुफं तपासत होते. झाडांचे फोटो होते.

मागच्या जूनला मी रिटायर झाले. रेड्डी सरांनी शाल घातली आणि म्हणाले, अम्माच्या हातून अहवालात एकसुद्धा चूक झाली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी हात जोडले. ड्रॉवर रिकामा करून त्यातले कागद पिशवीत घालून घरी आणले. मंजिरीचा दिवाळीला मेसेज येतो, ‘ताई, तुम्हाला सगळ्यांना शुभेच्छा’. मीही लिहिते, तुम्हालाही. एवढंच लिहिते.

रिटायर झाल्यावर माणूस घरात काय करणार? पावसाळ्यात एके दिवशी तो खोका काढला. कार्डावर वर शब्द, त्याखाली अर्थ, त्याखाली ‘उदा.’ आणि मग मायचं वाक्य, ती बोलली तसंच.

उलसं. थोडंसं. उदा. — ‘सुली उलसं खाती आन् बसला पळती.’

सुली म्हणजे मी.

परेशान. त्रासलेला. उदा. — ‘सुलीला हापिसानं परेशान करून सोडलंय, पर ती बोलती का?’

मालूम. ठाऊक. उदा. — ‘सुलीला मालूम नाही, ती आल्याबिगर मी जेवत नाही.’

कार्डामागून कार्ड काढत गेले. माळवदाची होती, शेताची होती, लग्नाची होती. पण मध्येच, दहा कार्डांत एक तरी, सुली. मला वाटत होतं ती त्या परक्या बाईला स्वतःबद्दल सांगतेय आणि मी तिथे कुठेच नाही. ती माझ्याबद्दल सांगत होती. मी जमिनीवर बसून रडले, नवरा बाहेर गेला होता, घरात ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून मोठ्याने रडले. मग ती पिशवी आणली आणि तिसऱ्या वर्षीचं ते न उघडलेलं पाकीट फोडलं. तीन वर्षांनी फोडलं. मुलीला दाखवलं असतं तर तिला मराठी धड वाचता येत नाही, जुळवून जुळवून वाचते. मी एकटीच वाचलं.

शेवटी एक जोडपत्र होतं. नमुन्यादाखल दहा शब्द, अर्थ आणि उदाहरणासकट, अहवालात छापण्यासाठी. सातवा शब्द होता — येरवाळी. लवकर, दिवस आहे तोवर. उदा. — ‘शाळेचं तुलाच सांगितलं, बाई. सुली घरला येरवाळी येत आसती तर तिलाबी सांगितलं आसतं.’

माय तेव्हा जिवंत होती. तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता, किल्ली माझ्याकडे होती, आणि मी रोज उशिराच घरी जात होते.